दुकानदार आणि कार्डाचें यंत्र

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां सुरू झाली, त्या आठवड्यांत दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आमच्याकडे तक्रार घेऊन आला. तक्रार शाळेविषयीं नव्हती. ती त्याच्या घरच्या दुकानाविषयीं होती. त्याच्या वडिलांचें किराणा मालाचें दुकान आहे. गल्ल्यापाशीं यूपीआयचा क्यूआर कोड चिकटविलेला आहे, परंतु कार्ड घेणारें यंत्र, ज्याला बाजारांत सर्वजण स्वाइप मशीन म्हणतात, तें मात्र नाहीं. सणाच्या खरेदीस आलेल्या तीन गिऱ्हाइकांनीं क्रेडिट कार्ड पुढें केलें आणि यंत्र नाहीं असें ऐकतांच काढलेला माल तसाच ठेवून तीं निघून गेलीं. रात्रीं मुलानें वडिलांस म्हटलें, “बाबा, आपण स्वाइप मशीन घेऊं या. पलीकडच्या मोठ्या दुकानांत दोन आहेत.” वडील म्हणाले, “अरे, तीन गिऱ्हाइकें गेलीं तीं तुला दिसलीं. यंत्रापायीं जें जाईल, तें तुला दिसत नाहीं.” मुलाच्या मतें वडील जुन्या चालीचे, वडिलांच्या मतें मुलगा अननुभवी. दोघे दोन दिवस एकमेकांशीं धड बोलले नाहींत.

आम्हीं दोघांचेंही म्हणणें ऐकून घेतलें. तेव्हां आम्हांस असें वाटलें कीं, हा वाद कांहीं एका घरचा नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं लहानमोठा व्यापार आहे, आणि जे स्वतः व्यापारी नाहींत ते रोज कोणत्या ना कोणत्या दुकानाची पायरी चढतातच. एक दुकानदार असें यंत्र घेतो आणि शेजारचा घेत नाहीं, याचीं कारणें कोणतीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम हें यंत्र काय करितें तें पाहूं. गिऱ्हाईक आपलें कार्ड यंत्रांत घालतें व गुप्त आंकडा दाबतें. यंत्र कार्डावरील चिप वाचून ती माहिती सांकेतिक रूपांत दुकानदाराच्या बँकेच्या मार्फत पुढें धाडतें. तेथून ती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारख्या जाळ्यांतून गिऱ्हाइकाच्या बँकेकडे जाते, आणि त्या बँकेस जणूं विचारलें जातें कीं, एवढी रक्कम देतां काय? होकार मिळाला म्हणजे तो त्याच वाटेनें परत येतो व यंत्रांतून पावती निघते. हें सारें कांहीं सेकंदांत घडतें. मात्र पैसे त्या क्षणीं दुकानदाराच्या हातीं येत नाहींत. बँकांचा आपसांतील हिशेब होऊन ते बहुधा पुढल्या कामाच्या दिवशीं त्याच्या खात्यांत पडतात, आणि त्यांतून कमिशन कापलेलें असतें. हें कमिशन दोन्ही बँका व मधलें जाळें यांच्यांत वांटलें जातें. या वर्णनांतील तीन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या: यंत्रास दूरसंदेशाचें जाळें लागतें, पैसे थोडे उशिरा मिळतात, आणि ते पुरे मिळत नाहींत.

हें यंत्र एकाएकीं जन्मास आलेलें नाहीं. इ. स. १९५० मध्यें न्यूयॉर्क येथें डायनर्स क्लबानें उपाहारगृहांत चालणारें कार्ड काढलें, तेव्हां विजेचें यंत्र कोठेंच नव्हतें. पुढें बरींच वर्षें दुकानदार एका सरकत्या हातयंत्राखालीं कार्ड ठेवून त्यावरील उठावाचे आंकडे कार्बनच्या कागदावर उमटवून घेत. चोरीस गेलेल्या कार्डांच्या क्रमांकांची पुस्तिका त्याच्या गल्ल्याजवळ असे, आणि रक्कम मोठी असल्यास त्यास दूरध्वनीनें बँकेची परवानगी मागावी लागे. कार्डावर चुंबकीय पट्टी आली व पुढें चिप आली, तसतशी ही सर्व यातायात यंत्राच्या पोटांत गेली. आपल्या देशांत सेंट्रल बँक ऑफ इंडियानें १९८० सालीं क्रेडिट कार्ड काढलें. परंतु त्यानंतर कित्येक वर्षें कार्ड घेणारीं ठिकाणें म्हणजे मोठीं हॉटेलें, विमान कंपन्या व शहरांतील बडीं दुकानें एवढींच होतीं.

याचें कारण शोधूं लागल्यास पहिली अडचण अशी दिसते कीं, हा व्यवहार दोन तोंडांचा आहे. ज्या गांवांत कोणाजवळ कार्ड नाहीं, तेथें दुकानदार यंत्र कशास घेईल? आणि जेथें कोणत्याही दुकानांत यंत्र नाहीं, तेथें लोक कार्ड तरी कशास बाळगतील? आधीं कोंबडी कीं आधीं अंडें, तसाच हा प्रश्न. बँक ऑफ अमेरिका या बँकेनें १९५८ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियांतील फ्रेझ्नो शहरीं हा प्रश्न मोठ्या धाडसानें सोडविला. कोणीं मागितलीं नसतांही तिनें सुमारें ६०,००० कार्डें टपालानें लोकांच्या घरीं धाडलीं. शहरांत एकदम एवढीं कार्डें झालीं म्हटल्यावर दुकानदारांसही त्यांचा विचार करणें भाग पडलें. आरंभीं त्या बँकेस बुडीत रकमांचा मोठा फटका बसला. परंतु त्याच योजनेंतून पुढें आज जिला व्हिसा म्हणतात ती संस्था निर्माण झाली.

आपल्याकडे उलट घडलें. कार्डें पुष्कळ झालीं, यंत्रें थोडीं राहिलीं. २०१६ च्या ऑक्टोबरांत देशांत सत्तर कोटींहून अधिक डेबिट कार्डें होतीं, आणि दुकानांतील यंत्रें मात्र सुमारें १५ लाख. म्हणजे एका यंत्रामागें साडेचारशेंहून अधिक कार्डें पडत. बहुतेक लोक कार्डाचा उपयोग एटीएममधून नोटा काढण्यापुरताच करीत, आणि त्या नोटा घेऊनच बाजारास जात. दुकानदाराच्या दृष्टीनें अशीं कार्डें असून नसल्यासारखींच होतीं. ता. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. चलनांतील सुमारें ८६ टक्के मूल्य त्या नोटांत होतें. गिऱ्हाइकाच्या हातांत नोटच उरली नाहीं, तेव्हां दुकानदारांनीं यंत्रांसाठीं बँकांकडे धांव घेतली. सरकारनेंही यंत्रांवरील उत्पादन शुल्क कांहीं काळ माफ केलें. मार्च २०१७ पर्यंत यंत्रांची संख्या सुमारें २५ लाखांवर गेली. जें पस्तीस वर्षांत झालें नव्हतें, त्याच्या निम्म्याहून अधिक भर पांच महिन्यांत पडली. गरज ही मोठी गुरु आहे हें खरें. परंतु गरजेनें घेतलेली वस्तु गरज सरल्यावर किती जण वापरीत राहतात, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याकडे आम्ही पुढें वळणार आहों.

दुसरें कारण खर्चाचें, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या मनांत हेंच मुख्य होतें. खर्च दोन प्रकारचा. एक, यंत्राची किंमत किंवा महिन्याचें भाडें. तें विक्री होवो वा न होवो, द्यावेंच लागतें. दुसरा, प्रत्येक विक्रीवरील कमिशन. हें कमिशन ऐकावयास लहान वाटतें, परंतु तें नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर आकारलें जातें, हें विसरूं नये. समजा, एका दुकानदारास हजार रुपयांच्या तांदुळांवर तीस रुपये सुटतात. कमिशन शेंकडा ०.९० असल्यास नऊ रुपये गेले. म्हणजे त्याच्या नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. तेच नऊ रुपये, हजारावर तीनशें मिळविणाऱ्या हॉटेलवाल्यास द्यावे लागले, तर नफ्याचा तेहतिसावा भागच जातो. यंत्र एकच, दर एकच. परंतु एकास तो चिमटा वाटतो व दुसऱ्यास जखम. हॉटेलवाला यंत्र आनंदानें घेतो आणि धान्याचा व्यापारी कां कुरकुरतो, याचें उत्तर त्यांच्या स्वभावांत नसून त्यांच्या धंद्याच्या गणितांत आहे.

याचें एक ठळक उदाहरण जानेवारी २०१७ मध्यें घडलें. पेट्रोलपंप चालकांस लिटरमागें ठरीव कमिशन मिळतें. भाव वाढविणें त्यांच्या हातीं नसतें. कांहीं बँकांनीं कार्डावरील विक्रीवर शेंकडा एक आकार घेण्याचें ठरवितांच, आम्ही कार्ड घेणारच नाहीं, असें पंपचालकांच्या संघटनेनें जाहीर केलें. नोटांची टंचाई अद्याप सरली नव्हती. त्यामुळें एकच गडबड उडाली, सरकारनें मध्यस्थी केली व तो निर्णय पुढें ढकलला गेला. ज्या व्यापाऱ्यास भाव वाढवून कमिशन भरून काढतां येत नाहीं, तो यंत्रास सर्वांत आधीं विरोध करितो, हा धडा त्यांतून मिळाला.

हें ओळखूनच रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डांसाठीं दुकानाच्या उलाढालीप्रमाणें निरनिराळी कमाल मर्यादा ठरविली. वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असणाऱ्या लहान दुकानदारास यंत्रावर शेंकडा ०.४०, आणि त्याहून मोठ्यास शेंकडा ०.९०. पुढें १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवर दुकानदाराकडून असें कमिशन घेणें बंद झालें. क्रेडिट कार्डावर मात्र दुकानदारास बहुधा याहून पुष्कळ अधिक द्यावें लागतें.

तिसरें कारण वीज व दूरसंदेशाचें जाळें हें होय. ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत धसई नांवाचें बाजाराचें गांव आहे. ता. १ डिसेंबर २०१६ रोजीं त्यास महाराष्ट्रांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून मोठ्या समारंभानें घोषित करण्यांत आलें. बँकेनें तेथील लहान लहान दुकानदारांस यंत्रें दिलीं. कल्पना चांगली होती व गांवकऱ्यांचा उत्साहही खरा होता. परंतु पुढें तेथें जाऊन आलेल्या वार्ताहरांनीं असें लिहिलें कीं, जाळें वारंवार तुटतें, आसपासच्या पाड्यांतून बाजारास येणाऱ्या पुष्कळांजवळ कार्डें नाहींत, आणि नोटा पुन्हां मिळूं लागतांच व्यवहार बव्हंशीं रोखीवर परतला. गरज सरल्यावर काय होतें, या प्रश्नाचें हें एक उत्तर आहे. दुकानांत गर्दी असतां यंत्र पांच मिनिटें नुसतें फिरत राहिलें, तर मागचीं चार गिऱ्हाइकें खोळंबतात. असें दोनदां झालें म्हणजे दुकानदार यंत्र टेबलाच्या खणांत ठेवून देतो. यंत्र घेणें निराळें व वापरणें निराळें. मोजणी मात्र घेतलेल्या यंत्रांचीच होते.

चौथें कारण पैशाच्या फेऱ्यासंबंधीं आहे. लहान दुकानदाराचें भांडवल थोडें असतें. सकाळीं विकलेल्या मालाचे पैसे त्यास दुपारीं दूधवाल्यास, हमालास किंवा घाऊक व्यापाऱ्यास द्यावयाचे असतात, आणि ते लोक रोख मागतात. अशा वेळीं उद्यां खात्यांत पडणारे हजार रुपये आजच्या नऊशें रोख रुपयांहून कमी उपयोगाचे ठरतात. म्हणून घाऊक व्यापारी ज्या पद्धतीनें पैसे घेतो, तिचा किरकोळ दुकानदारावर मोठा परिणाम होतो. वरचा टप्पा बदलल्यावांचून खालचा टप्पा सहसा बदलत नाहीं.

पांचवें कारण नाजूक आहे, परंतु तें टाळून हा विषय पुरा होणार नाहीं. रोख विक्री कोठें लिहिली जाईलच असें नाहीं. यंत्रावरील प्रत्येक विक्री लिहिली जाते. कर चुकविण्यासाठीं जो यंत्र टाळतो, त्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. कारण ज्या रस्त्यावरून त्याचें गिऱ्हाईक चालत येतें, तो रस्ता कोणाच्या तरी कराच्या पैशांतूनच झालेला असतो. परंतु प्रामाणिक मनुष्यासही कागदपत्रांची धास्ती असते. जुलै २०२५ मध्यें कर्नाटकांत यूपीआयच्या नोंदींवरून लहान व्यापाऱ्यांस कराच्या नोटिसा गेल्या, तेव्हां बेंगळूर येथील अनेक दुकानांतून क्यूआर कोड काढून टाकले गेले व फक्त रोख घेऊं अशा पाट्या लागल्या. त्यांपैकीं कित्येक जण भाजीपाला व दूध यांसारखा करमुक्त माल विकणारे होते. नियम स्पष्ट शब्दांत, लोकांच्या भाषेंत व आधीं सांगितले असते, तर ही भीति पुष्कळ अंशीं टळली असती, असें आम्हांस वाटतें.

सहावें कारण, नुकसान झाल्यास तें कोणाच्या माथीं बसतें, हें होय. अमेरिकेंत चिप वाचणारीं नवीं यंत्रें घेण्यास व्यापारी बराच काळ तयार नव्हते. ता. १ ऑक्टोबर २०१५ पासून कार्ड संस्थांनीं असा नियम केला कीं, चिपचें कार्ड असतांना जुन्या यंत्रामुळें खोट्या कार्डाची फसवणूक झाली, तर तोटा दुकानदाराकडे जाईल. तेव्हांपासून जुनें यंत्र ठेवणें हेंच महाग पडूं लागलें. उपदेशानें जें सहज झालें नाहीं, तें जबाबदारीच्या वांटणीनें होऊं लागलें.

आतां या सर्व कारणांच्या मुळाशीं असलेली एक गोष्ट सांगतों. १९४३ सालीं ब्राइस रायन व नील ग्रॉस या दोन अभ्यासकांनीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत मक्याचें नवें संकरित बियाणें शेतकऱ्यांत कसें पसरलें, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांस विक्रेत्यांकडून मिळाली होती. परंतु तें पेरण्याचा निश्चय मुख्यतः शेजाऱ्याचें शेत पाहून झाला. पुढें एव्हरेट रॉजर्स यांनीं १९६२ च्या आपल्या ग्रंथांत अशा अभ्यासांवरून पांच कसोट्या मांडल्या. नवी वस्तु जुनीहून सरस आहे काय? ती आपल्या चालीरीतींशीं जुळते काय? ती समजण्यास सोपी आहे काय? थोडी वापरून पाहतां येते काय? आणि तिचा गुण दुसऱ्यास दिसतो काय? शेतकऱ्याचें बियाणें असो कीं दुकानदाराचें यंत्र असो, मनुष्य हेच पांच प्रश्न मनांत विचारतो, मग त्यानें तो ग्रंथ वाचलेला असो वा नसो.

या कसोट्यांची सत्यता यूपीआयनें दाखवून दिली. ही पद्धति २०१६ सालीं सुरू झाली. तिला यंत्राचें भाडें नाहीं, फक्त एक छापील कागद लागतो; लहान दुकानदारास कमिशन नाहीं; नको वाटल्यास कागद काढून ठेवतां येतो; आणि पैसे ताबडतोब खात्यांत पडतात. पुढें मराठींत रक्कम बोलून दाखविणारी साउंडबॉक्स नांवाची पेटी आली, तेव्हां ज्यास वाचण्याची संवय नाहीं, त्याचीही खात्री पटूं लागली. ऑक्टोबर २०१९ मध्यें महिन्याचे व्यवहार शंभर कोटींच्या वर गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें हजार कोटींच्या वर. जो भाजीवाला दहा वर्षांपूर्वीं नव्याला भितो असें लोक म्हणत, त्याच भाजीवाल्यानें क्यूआर कोड टोपलीस बांधला. तो भित्रा नव्हता. त्यापुढें आलेली पहिली वस्तु त्याच्या मापाची नव्हती, एवढेंच. तथापि यंत्राचें कामही संपलेलें नाहीं. क्रेडिट कार्डावर मोठी खरेदी करणारें गिऱ्हाईक, परदेशीं पाहुणा, किंवा ज्याच्याजवळ स्मार्टफोन नाहीं परंतु कार्ड आहे असा मनुष्य, यांस तेंच सोयीचें. म्हणून रिझर्व्ह बँकेनें २०२१ पासून एक निधि उभारून लहान गांवांत व ईशान्येकडील राज्यांत यंत्रें बसविण्याच्या खर्चाचा कांहीं भाग उचलला.

एक गोष्ट वडीलधाऱ्या दुकानदारांनींही मनांत आणावी. रोख पैसाही फुकट नसतो. नोटा मोजणें, सुटे शोधणें, खोटी नोट निघणें, रात्रीं गल्ला जवळ बाळगणें, बँकेंत रांगेंत उभें राहणें, यांतही वेळ व पैसा जातो. परंतु त्याचें बिल कोणी पाठवीत नाहीं, म्हणून तो खर्च दिसत नाहीं. यंत्राचा खर्च दिसतो आणि नोटांचा दिसत नाहीं. शिवाय खात्यांतून झालेली विक्री लिहिलेली राहते, आणि पुढेंमागें दुकान वाढविण्यासाठीं कर्ज मागतांना तीच नोंद दुकानदाराची साक्ष देते.

आतां पुन्हां आमच्या विद्यार्थ्याकडे वळूं. आम्हीं त्यास सांगितलें कीं, बाबांशीं वाद घालूं नकोस, एक वही घाल. कार्ड नाहीं म्हणून परत गेलेलीं गिऱ्हाइकें व त्यांची अंदाजी खरेदी एका बाजूस लिही. जीं गिऱ्हाइकें आज रोख देतात, परंतु यंत्र आल्यास कार्ड काढतील, तीं दुसऱ्या बाजूस. समजा, हजारावर नफा पन्नास रुपये, क्रेडिट कार्डाचें कमिशन वीस रुपये, आणि यंत्राचें भाडें महिना चारशें रुपये. नवीन विक्री चाळीस हजारांची झाली आणि जुनी वीस हजारांची विक्री रोखीवरून कार्डावर गेली, तर नव्यावर बाराशें मिळतील, जुन्यावर चारशें जातील, भाड्याचे चारशें जातील व चारशें हातीं राहतील. परंतु नवीन विक्री वीस हजार व जुनी सरकलेली तीस हजार असेल, तर सहाशें मिळून सहाशें जातील आणि भाडें अंगावर पडेल. म्हणजे प्रश्न जुना कीं नवा असा नसून किती व कोण असा आहे.

महिन्यानंतर मुलगा वही घेऊन आला. हिशेब थोड्या फरकानें वडिलांच्या बाजूस झुकला होता. परत जाणारीं गिऱ्हाइकें सणाच्या दिवसांतच अधिक होतीं, एरवीं फार नव्हतीं. मुलगा किंचित् खट्टू झाला होता. परंतु वही पाहून वडील त्यास म्हणाले, “लग्नसराईच्या महिन्यांत पुन्हां मोज. तेव्हां निराळें निघालें, तर मी स्वतः बँकेंत येतों.” त्या दोघांत पुन्हां बोलणें सुरू झालें, आणि तें एका वहीवरून झालें, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो.

विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या दुकानांत यंत्र दिसलें नाहीं, तर दुकानदारास मागासलेला म्हणण्यापूर्वीं त्याच्या नफ्याचा, त्याच्या गांवच्या जाळ्याचा व त्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा विचार करा. आणि दुकानदार पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलगा नवी गोष्ट घेऊन आला, तर नको म्हणण्याआधीं त्याच्या हातीं एक वही व पेन्सिल द्यावी. शाळेंत शिकलेली त्रैराशिकें गल्ल्यावर बसून सोडविण्याची ही चांगली संधि आहे.